आकाश बघायचा खड्डा

घुमट नको, असं आबा पहिल्याच बैठकीत म्हणाले. मी लॅपटॉपवर इमारत फिरवून दाखवत होते. त्यांनी हात वर केला आणि मी थांबले, रस्त्यात हात दाखवल्यावर एसटी थांबते तशी.

आबा म्हणजे लातूरजवळच्या मुरुडच्या एका शिक्षण संस्थेचे अध्यक्ष. चांद्रयान उतरलं त्या संध्याकाळी त्यांच्या शाळेत मोठा पडदा लावला होता आणि निम्मं गाव बघायला आलं होतं. ज्या लोकांना पालकसभेला पुन्हा पुन्हा बोलावून आणावं लागतं, ते तिथे शेवटपर्यंत उभे होते, असं आबा प्रत्येकाला सांगायचे. तेव्हापासून त्यांच्या मनात होतं की शाळेच्या आवारात अवकाशाचं काहीतरी बांधायचं. नुसती एक खोली आणि भिंतीवर ग्रहांची चित्रं, असं नको. रस्त्यावरून जाणाऱ्याने गाडी थांबवून 'हे काय आहे हो?' असं विचारलं पाहिजे.

मी नांदेडला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात नोकरी करते आणि तिथेच पीजीत राहते. घर लातूरला. हे काम आमच्या ऑफिसकडे आलं ते पप्पांमुळे. पप्पा लातूरला ज्युनिअर कॉलेजात शिकवतात, पण आमचं मूळ गाव मुरुडच्या बाजूचं, आणि आबांची त्यांची जुनी ओळख. म्हणून सरांनी, म्हणजे माझ्या बॉसनी, ते माझ्याकडे दिलं. तोपर्यंत मी दुसऱ्यांनी काढलेल्या बंगल्यांमध्ये बाथरूमच्या फरशा बसवत होते. पहिली रेघ माझी असलेलं हे पहिलंच काम.

मी घुमट काढला होता, कारण तारांगण म्हटलं की घुमट. आबांनी स्क्रीनकडे बोट दाखवलं.

"बेटा, चांगलं काढलंय. पण हे असं बघितलं की दर्गा. तसं बघितलं की गुरुद्वारा. वर कळस लावला की मंदिर. ज्याला जे दिसेल ते तो म्हणणार, आणि मग माझ्याकडे येऊन भांडणार. मला शाळेत भांडण नको."

कमिटीतले एक काका म्हणाले, "मग रॉकेट करा की. उभं रॉकेट."

"आमच्या पाहुण्यानं पाण्याची टाकी रॉकेटसारखी केली होती," आबा म्हणाले. "लोक विचारायचे, दिवाळी संपली तरी हे राहिलं कसं?"

सगळे हसले. मीही हसले, कारण हसायचं असतं. परत जाताना गाडीत सर म्हणाले, "वर जाऊ देत नाहीत, तर खाली जा." ते गंमतीने म्हणाले होते. मी अहमदपूर येईपर्यंत त्याच वाक्याचा विचार करत होते.

खरंच, तारे बघायला घुमट लागतोच कशाला? तारे तर वर आहेतच. अडचण आजूबाजूची असते: रस्त्यावरचे दिवे, दुकानांच्या पाट्या, मोबाईलचा टॉवर. लातूरला आमच्या गच्चीवरून मला कधीही धड आकाश दिसलं नाही, कारण समोरच्या चार मजली क्लासच्या बोर्डावर टॉपर मुलांचे फोटो झगझगत असायचे. मी ठरवलं, मुरुडला आजूबाजूचं सगळं झाकायचं. शाळेच्या मागच्या पडीक जागेत मोठा गोल खड्डा खणायचा, परातीसारखा, कडेला उतार असलेला. खणलेला मुरूम बाहेर फेकायचा नाही, काठावरच गोल बांध म्हणून रचायचा. उतारावर गवत लावायचं. आत उतरून उतारावर पाठ टेकली की गाव दिसेनासं होतं, रस्ता दिसेनासा होतो, आणि राहतं ते फक्त डोक्यावरचं. घुमट तयारच असतो, आपण फक्त बसायची जागा करायची.

मी हे सरांना सांगितलं तेव्हा बहुतेक पहिल्यांदाच त्यांनी फोन खाली ठेवून माझं बोलणं ऐकलं.

नकाशावर मी इंग्रजीत लिहिलं, स्काय पिट. सर म्हणाले, कमिटीसाठी मराठीत काहीतरी लिही. मी इंग्लिश मीडियमची. घरी मराठी, पण अशा गोष्टींसाठी शब्द सापडत नाहीत. 'आकाश कुंड' लिहिलं तर सर म्हणाले, लोक आंघोळीला येतील. 'खगोल विवर' लिहिलं तर म्हणाले, भीती वाटते. शेवटी ते म्हणाले, "राहू दे इंग्रजीच. भारी वाटतं." तेव्हा मलाही ते सोयीचं वाटलं. मी त्यावर आणखी डोकं चालवायला हवं होतं की नाही, ते अजून मला ठरवता येत नाही.

आबांनी नकाशा पास केला. फार न विचारता, एवढं मला आठवतं. कमिटीतले काका कुरकुरत होते, पण आबा म्हणाले, "पोरीला करू द्या. घरचंच काम आहे." माझ्या कानाला ते गोड लागलं. घरचं म्हणजे ओळखीतलं, असा मी अर्थ घेतला.

खणायला जेसीबी लागला त्या दिवसापासून गावात एकच शब्द चालू झाला: शेततळं. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवत होते, ही आबांची इच्छा पूर्ण झाली. पण 'हे काय आहे' असं कुणी विचारत नव्हतं. सगळे विचारत होते, "किती खोल?" आणि "प्लास्टिक कोणतं टाकणार?"

खणायचं कंत्राट घेतलेल्या गुत्तेदारांचीही तीच समजूत होती. ते पन्नाशीचे, हसतमुख, बोलके. या भागात त्यांनी पुष्कळ शेततळी केलेली. त्यांनी माझा नकाशा उलटा धरून बघितला, सुलटा धरून बघितला आणि तळाशी काढलेल्या पाईपावर बोट ठेवलं.

"मॅडम, हा पाईप कशाला?"

"पाणी बाहेर काढायला. पाऊस पडला की आत पाणी साचेल ना. ते या पाईपातून त्या बाजूच्या ओढ्यात जाईल."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "म्हणजे खड्डा करायचा, आन् पाणी बाहेर सोडायचं."

"हो."

"मुरुडमधी."

"हो."

"मॅडम, रागाला येऊ नका. मी हितं इतकी वर्सं काम करून राहिलो. पाणी आत कसं येईल म्हणून लोकं देवाला नवस करतेत. पाणी बाहेर कसं जाईल म्हणून पाईप टाकणारं पहिलंच गिऱ्हाईक बघायलो."

जेसीबीवाला स्टिअरिंगवर डोकं ठेवून हसला. मी म्हणाले, "इथे लोक झोपून आकाश बघणार आहेत." गुत्तेदार म्हणाले, "हाव का? मग बाजा टाकून द्यायच्या का?" पण त्यांनी पाईप टाकला. उतार मी सांगितला तसाच केला, दोरी लावून. एका बाजूला जरा उभा झाला होता तो पुन्हा कापून काढला, तक्रार न करता. "आबांनी सांगितलंय, मॅडम म्हणतील तसं," ते म्हणाले.

मला त्या दिवसांत एकच काळजी होती. तो खड्डा कोरडा राहिला पाहिजे. एकदा त्यात पाणी आलं की तो परत कुणी कधी रिकामा करू देणार नाही, हे मला लातूरची असल्यामुळे चांगलं कळत होतं.

डिसेंबरात, गवत लागायच्या आधीच, शाळेच्या विज्ञानाच्या बाईंनी मला फोन केला. बाई माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, मुरुडमध्येच दिलेल्या. त्या म्हणाल्या, "उद्घाटन होईल तेव्हा होईल. मी नववीच्या मुली घेऊन येते. तुम्ही पण या." मुली चारचौघांत आडव्या कशा पडणार, असं शाळेत कुणीतरी विचारलं होतं. बाईंनी उत्तर दिलं होतं की चारचौघं नसतीलच, तेवढ्यासाठीच तर खड्डा आहे.

अंधार पडता पडता मुली ताडपत्र्या घेऊन उतरल्या. आधी घसरगुंडी करून झाली. मग एकेक करून उतारावर पाठ टेकली, आणि गलका ओसरत गेला. कुणीतरी म्हणालं, "अगं, टावर कुठं गेला?" दुसरी म्हणाली, "घर पण गेलं. बरं झालं." त्यावर सगळ्या खिदळल्या.

बाई मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगा."

मला लोकांसमोर बोलता येत नाही. कॉलेजात प्रेझेंटेशनच्या आदल्या दिवशी मला ताप यायचा. पण अंधारात कुणाचे चेहरे दिसत नव्हते. मी पूर्वेकडे वर आलेल्या त्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांकडे हात केला आणि म्हणाले, "हे ओरायन."

"मृग गं," बाई म्हणाल्या.

"मृग?" एक मुलगी उठून बसली. "बाई, मृग हितं कसं? मृग तर जूनमधी असतंय. आमचे दादा मृगात पेरणी करतेत."

"मग पाऊस कुठाय?" दुसरी म्हणाली. "मृग आलं, पाऊस न्हाई. हे दरसालचंच हाय."

पुन्हा हसणं. मी मात्र हसले नाही, कारण प्रश्न खरा होता आणि मी कधी तो स्वतःला विचारला नव्हता. मला मृग हे पावसाचं नाव म्हणून माहीत होतं आणि ओरायन हे ताऱ्यांचं. दोन्ही एकच आहेत हे मी कुठेतरी वाचलं होतं, पण मग जूनमध्ये काय होतं? मी थांबत थांबत सांगायला लागले. आधी मलाच समजून घ्यायचं होतं. जूनमध्ये सूर्य त्या ताऱ्यांच्या समोर येऊन उभा राहतो. त्याच दिवसांना आपण मृग म्हणतो. तेव्हा हे तारे भर दिवसा डोक्यावर असतात, सूर्याच्या मागे, म्हणून दिसत नाहीत. सहा महिन्यांनी आपण फिरून दुसऱ्या बाजूला येतो, म्हणून ते आता संध्याकाळी दिसतात.

"म्हणजे पेरणीच्या वक्ताला ते वरच असतंय," ती पहिली मुलगी सावकाश म्हणाली, "आन् आमचे दादा त्याच्याच खाली उभे असतेत."

"हो."

"त्यांना सांगितलं पायजे."

मग कुणीतरी गुरू कुठला ते विचारलं, मी दाखवला, आणि एक जण म्हणाली, "मी न्हाई बघत गं, आज गुरुवार आन् माझा उपास न्हाई." त्या हसत होत्या, मी बोलत होते, माझं मराठी अडखळत होतं आणि त्याची कुणाला पर्वा नव्हती. त्या तासाभरात मला कळलं की मला काय हवं होतं. बांधकाम नव्हे. ही संध्याकाळ हवी होती, आणि ती पुन्हा पुन्हा व्हायला हवी होती, मी तिथे नसतानाही.

त्यानंतर काही दिवसांनी मी साईटवर गेले होते. गवताचे गड्डे येणार होते. गुत्तेदार बांधावर उभे राहून चहा पीत होते. मी विचारलं, पाईपाच्या तोंडाला जाळी बसवली का. ते म्हणाले, "बसवली की. कमिटीवाले लई कटकट करून राहिलेत, तळंच करा म्हणून. पण आबांनी गप केलं सगळ्यांना. म्हणले, राहू द्या, सूनबाईची हौस हाय."

मी विचारलं, "कुणाची?"

गुत्तेदारांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी उरलेला चहा जमिनीवर ओतला. "म्हणजे… मला वाटलं ठरलंय. गावात तर सगळे तसंच म्हणतेत."

मी बसस्टँडवर आले आणि पप्पांना फोन केला. आजूबाजूला गाड्या लागत होत्या, कंडक्टर ओरडत होता. पप्पा म्हणाले, "तुला सांगणारच होतो. आबांचा पुतण्या आहे, हैदराबादला कंपनीत. त्यांनी मागेच विचारलं होतं. मी म्हटलं, आधी तुझं काम होऊ दे, नाहीतर तुझ्या डोक्याला ताण."

"मागेच म्हणजे कधी?"

"काम द्यायच्या आधी," पप्पा म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा चांगुलपणा आहे.

लातूरच्या गाडीत मला खिडकीची जागा मिळाली. 'घरचंच काम आहे' हे वाक्य माझ्या डोक्यात पुन्हा वाजायला लागलं. ते मी सोडून सगळ्यांना कळलं होतं. बैठकीत आबांनी मला बेटा म्हटलं, उतार पुन्हा कापून मिळाला, पाईप टाकला गेला. यातलं काहीही नकाशा चांगला होता म्हणून झालेलं नव्हतं. किंवा थोडंसं त्यामुळेही झालं असेल. ते वेगळं काढून बघायची आता सोय नव्हती.

पुढच्या रविवारी ते लोक लातूरला घरी आले. मुलगा वाईट नव्हता, मुद्दाम वाईट ठरवायचा म्हटला तरी जमलं नसतं. त्याने मला विचारलं, "ते मुरुडचं शेततळं तुम्हीच केलं ना?" मी म्हणाले, "ते शेततळं नाहीये." तो म्हणाला, "सॉरी सॉरी, काका म्हणतात म्हणून म्हटलं." एवढंच आमचं बोलणं. बाकी बोलले आबा.

"नोकरी सोडायची काही गरज नाही," ते पोह्यांची बशी खाली ठेवत म्हणाले. "म्हणजे नांदेडची सोडावी लागेल. पण काम भरपूर आहे. मुलींचं वसतिगृह करायचंय, मंगल कार्यालय करायचंय, शाळेला वरचा मजला आहे. लॅपटॉप घेऊन बसायचं, घरच्या घरी नकाशे काढायचे. जन्मभर पुरेल. आणि तो तुझा खड्डा आहेच की तिथे. बघत बसा दोघं चांदण्या."

सगळे हसले. मम्मी सर्वात जास्त हसली, कारण तिला ते खरंच प्रेमळ वाटलं. मला तो खड्डा डोळ्यांसमोर आला, आणि त्यात मी एकटी उभी दिसले, चारी बाजूंनी बांध, बाहेरचं काही दिसत नाही. जागा मीच बेतली होती, त्यामुळे मला ती फार स्पष्ट दिसली.

ते गेल्यावर मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. पप्पा दाराशी येऊन उभे राहिले.

"काय वाटतं?"

"मला नाही करायचं, पप्पा."

"मुलात काही…?"

"नाही. मुलगा ठीक आहे."

"मग विचार कर थोडा. घाईत नाही म्हणू नकोस. म्हणजे, ते कामही आहे तिथे, अजून पूर्ण…" त्यांनी वाक्य अर्ध्यात सोडलं. नंतरच्या दिवसांत मम्मीनेही ते वाक्य सुरू केलं आणि सोडलं. सरांनीही. पूर्ण कुणीच केलं नाही. सगळ्यांना कळत होतं की मी हो म्हटलं तर खड्डा कोरडा राहील, आणि नाही म्हटलं तर आबांना कमिटीला गप्प करायचं काही कारण उरणार नाही.

मी आठवडाभर विचार केला. नांदेडला पीजीच्या खोलीत पडून छताकडे बघत मी खरंच हिशेब मांडला: नववीच्या त्या मुली, त्यांच्यानंतरच्या मुली, त्या सगळ्यांच्या संध्याकाळी एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मी. असा हिशेब करायची वेळ एखाद्या मुलीवर यावी हे मला हास्यास्पद वाटलं, पण हसू आलं नाही. मग मी पप्पांना फोन केला आणि पुन्हा तेच सांगितलं.

आबा चांगले वागले. पप्पांना म्हणाले, पोरीची मर्जी, आपल्यात काय त्याचं. पंधरवड्यात सरांना त्यांचा फोन आला. यंदाच्या पावसाचा काही भरवसा नाही, शाळेच्या झाडांना पाणी लागतं, खड्डा तयारच आहे, प्लास्टिक टाकून घेऊ. सर माझ्या टेबलापाशी आले.

"प्लास्टिकच्या लायनरचं डिटेल ड्रॉइंग काढून दे. वर चर खणून कडा दाबायच्या, नेहमीसारखं. आणि तो पाईप बंद दाखव."

"सर, तिथे मुली बसल्या होत्या. चांगलं झालं होतं ते."

"मला माहितीये."

"मग आपण काही बोलू शकत नाही?"

सर म्हणाले, "काय बोलू? पाणी नको म्हणून सांगू? तू लातूरची ना?"

मी लातूरची. शहराला रेल्वेने पाणी आलं त्या उन्हाळ्यात मी शाळेत होते. आमच्या गल्लीत टँकर यायचा तेव्हा मम्मी आणि मी घागरी घेऊन उभ्या राहायचो, आणि शेजारच्या काकू, ज्या मला लहानपणी मांडीवर घ्यायच्या, त्या मला कोपराने ढकलून पुढे घुसायच्या. आंघोळीचं पाणी आम्ही बादलीत धरून ठेवायचो. मी कुठल्या तोंडाने म्हणणार होते की या जिल्ह्यात एक खड्डा रिकामा ठेवा? आबांनी असं कारण निवडलं होतं जे मी स्वतःशीसुद्धा खोडू शकत नव्हते. ते मुद्दाम निवडलं होतं, असंही मला म्हणता येत नाही. झाडांना पाणी खरंच लागतं.

तरी मी मुरुडला गेले, एकटी. आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या ऑफिसात न बोलावता शिरले. आबांसमोर बसून मी सगळं सलग बोलले: मागच्या कोपऱ्यात दुसरं लहान तळं खणता येईल, ती जागा उताराची आहे, पाणी जास्त साचेल, नकाशा मी फुकट काढून देईन, हा खड्डा तेवढा राहू द्या.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. "तुझं बरोबर आहे, बेटा," ते म्हणाले. "पण खणायचा खर्च एकदा झालाय. कमिटीपुढे मी आता काय सांगू, कुणासाठी परत खणतोय म्हणून?" आणि बेल वाजवून त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. चहा येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत बसलो.

डिटेल मीच काढलं. पाईपाच्या तोंडावर बूच दाखवलं, प्लास्टिकच्या कडा चरात दाबलेल्या दाखवल्या. ऑफिसात ते काढणारं दुसरं कुणी नव्हतं असं नाही. पण दुसऱ्या कुणी काढलं असतं तर उतार चुकला असता, प्लास्टिक ताणून फाटलं असतं, आणि पाणी पण गेलं असतं. गुत्तेदारांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. काळं प्लास्टिक, एकही सुरकुती नाही. खाली लिहिलं होतं, "मॅडम तुमचा उतार एक नंबर. असं तळं तालुक्यात न्हाई." ते मनापासून लिहिलेलं होतं. मी अंगठा पाठवला.

आता तिथे पाणी आहे. भोवती तारेचं कुंपण आहे, मुलं बुडू नयेत म्हणून. बाई कधीतरी फोन करतात. मुलींना त्या शाळेच्या गच्चीवर नेतात, पण टॉवरचा लाल दिवा डोळ्यांत येतो, आणि आठ वाजता वॉचमन खालून शिट्टी मारतो.

मी नांदेडलाच आहे. सध्या एका अपार्टमेंटचं पार्किंग करते. गेल्या रविवारी लातूरला गेले तर मम्मी माझा बायोडेटा नवीन करत होती. कुणीतरी परभणीचं स्थळ सुचवलं आहे. ती फोनवर एका बोटाने टाइप करत होती आणि मला वाचून दाखवत होती. कामाच्या रकान्यात तिने लिहिलं होतं, 'मुरुड येथील मोठ्या शेततळ्याचे डिझाइन केले.'

"हे काढ, मम्मी."

"का? चांगलं वाटतं. लोकांना लगेच कळतं."

"ते मी शेततळं म्हणून नव्हतं केलं."

"बरं, मग काय लिहू? सांग."

मी तिच्या शेजारी बसले. इंग्रजी शब्द माझ्या तोंडात आला होता, तो मी गिळला. "लिही," मी म्हणाले, "आकाश बघायची जागा केली. आता तिथे तळं आहे."

तिने ते सावकाश टाइप केलं. मग तिथेच थांबली. "म्हणजे, लोकांनी तिथे काय करायचं होतं?"

"आडवं पडायचं. वर बघायचं."

"आणि?"

"आणि काही नाही."

मम्मीने फोन मांडीवर ठेवला. "बायकांनी पण?"

"बायकांनी पण."

तिने चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा लावला, आणि ती ओळ तशीच ठेवून पुढच्या रकान्यावर गेली. पुढचा रकाना उंचीचा होता.